तेल गावात, दिवा फडात

दसरा उलटला की पाटोदा तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर दारांना कुलपं लागायला सुरुवात होते. मांजरा ज्या बालाघाटच्या डोंगरात उगम पावते तो हा मुलूख. जमीन उथळ, पाऊस बेभरवशाचा, रब्बीची ज्वारी झाली तर झाली. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या सुमाराला इथली माणसं नगर, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे आणि पुढे कर्नाटकात ऊस तोडायला जातात, ती पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप थांबल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पाच-सहा महिन्यांचा हा संसार पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत होतो. म्हणून घरून काय न्यायचं याचा हिशेब फार काटेकोर असतो: पीठ-मीठ, तवा, कोयते, अंथरूण, पाण्याची भांडी, आणि एक दिवा. ऊसतोडीवर आजवर जे लिहिलं गेलं ते बहुतेक आगाऊ उचल, टोळीचा मुकादम आणि तोडणीचा दर यांच्याभोवती फिरतं, आणि ते रास्तच आहे. पण या सामानातल्या दिव्याचा माग काढला तर त्याच व्यवहाराची एक वेगळी बाजू दिसते. बिऱ्हाडानं कोणता दिवा घ्यायचा हे उजेडापेक्षा आणि पुष्कळदा किमतीपेक्षाही एका प्रश्नानं ठरवलं: हा दिवा वाटेत पुन्हा भरायचा कुठे?

आधी हा दिवा लागतो कशाला ते नीट पाहायला हवं, कारण ‘रात्री उजेड पाहिजे’ एवढ्यानं भागत नाही. ऊसतोडीच्या भाषेत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातली बाई पहाटे तीन-चारला उठते, चूल पेटवते, दिवसभराच्या भाकरी थापते. तिला तास-दोन तास स्थिर उजेड लागतो. फडात ट्रक किंवा ट्रॅक्टर रात्री केव्हाही येऊन उभा राहतो आणि मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढावं लागतं. तिथं दोन्ही हात मोकळे ठेवणारा उजेड पाहिजे. बैलगाडी रात्रीची रस्त्यावर निघाली की मागून येणाऱ्या वाहनाला ती दिसावी म्हणून आसाला काहीतरी पेटतं टांगावं लागतं, आणि ते वाऱ्यानं विझून चालत नाही. उसात साप असतो, अलीकडे बिबट्याही असतो, आणि बायकांना अंधारातच बाहेर जावं लागतं. या सगळ्यावर कडी म्हणजे ज्या घरात हा दिवा ठेवायचा ते वाळलेल्या पाचटाचं, एका ठिणगीचं गिऱ्हाईक. इतक्या परस्परविरोधी मागण्या एका दिव्यानं पुऱ्या करायच्या, शिवाय तो गाडीच्या हिसक्यात फुटता कामा नये. हौसेनं गाडीला घर जोडून रानात मुक्काम करणारे लोक आज वॉट-तास मोजून बॅटरी निवडतात. त्यांच्या गणितातल्या जवळजवळ सगळ्या राशी या कोपीतही होत्या. फरक इतकाच की त्यांचा मुक्काम आठ-पंधरा दिवसांचा असतो आणि परतल्यावर भिंतीत प्लग असतो.

रॉकेल येण्याआधी या भागात दिव्याला करडईचं नाहीतर जवसाचं तेल असे. पिकवणारा गावातला, गाळणारा तेली गावातला. दिवा भरण्याची सगळी साखळी शिवेच्या आत होती. ते तेल घेऊन दूर जाता येत होतं, पण उघडी पणती गाडीवर टिकत नाही. ‘रॉक ऑइल’चं मराठी तोंडात झालेलं रॉकेल आणि काचेचा कंदील या जोडीनं ही अडचण सोडवली. इथं एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. स्वदेशीच्या लाटेत मराठी घरांत पोचलेला ‘प्रभाकर’ कंदील कराडजवळच्या ओगलेवाडीत तयार होई. औंध संस्थानच्या पाठबळावर 1916 साली उभ्या राहिलेल्या ओगले काच कारखान्याचा तो माल. कराडचा हा कृष्णाकाठ पुढे उसानं भरला आणि बालाघाटावरची बिऱ्हाडं तोडणीसाठी तिथं उतरू लागली. वाऱ्याला दाद न देणारा, टांगता येणारा, वात कमी-जास्त करता येणारा कंदील हे प्रवासी दिव्याचं जवळजवळ पूर्ण रूप होतं. काच फुटायची, राखेनं पुसावी लागायची, एवढीच त्याची कटकट. ज्याला कंदील परवडत नव्हता त्याच्याकडे पत्र्याची चिमणी होती. ती धूर ओकायची आणि आग लावण्यात पटाईत होती, पण तीही त्याच बाटलीतल्या तेलावर चालायची.

अडचण कंदिलात नव्हती, ती या बाटलीत होती. साधा कंदील तासाला वीस-पंचवीस मिलिलिटर रॉकेल पितो असं धरलं आणि संध्याकाळ-पहाट मिळून रोजचे चार-पाच तास मोजले, तर रात्रीला शंभर मिलिलिटर कुठे गेले नाहीत. दीडशे रात्रींच्या हंगामाला पंधरा लिटर, म्हणजे जवळजवळ एक डबा. 1950 नंतर प्रवरानगरपासून सहकारी कारखान्यांची माळ लागली, तोडणीला माणसं हवी होती, आणि 1972 च्या दुष्काळानं बीड जिल्ह्यातून बाहेर पडणाऱ्यांचा ओघ वाढवला. लगेच 1973 चं जागतिक तेलसंकट आलं. स्वस्त रॉकेल कार्डावर, मापात आणि रांगेत मिळण्याची गोष्ट झाली, आणि कार्ड तर गावातल्या दुकानाला बांधलेलं. माणसं साताऱ्याच्या फडात आणि त्यांचा कोटा पाटोद्याच्या रेशन दुकानात, अशी फारकत तिथून रुजली. फडावरच्या माणसाला रॉकेल मिळत नव्हतं असं नाही. चढ्या भावानं, गावच्या किराणा दुकानातून, बाटलीच्या गळ्याला सुतळी बांधून मिळत होतं. पण घरी असता तर ज्या भावात मिळालं असतं त्यात मिळत नव्हतं. पुढे रेशनचं रॉकेल ओळखू यावं म्हणून निळं केलं गेलं, तरी ते इंधनात भेसळ करणाऱ्यांपर्यंत बिनबोभाट पोचतच राहिलं. या धंद्याची ताकद 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं पाहिली. गरिबाच्या दिव्यासाठीचं तेल टँकरमध्ये बसून जिल्हे ओलांडू शकत होतं, गरीब मात्र ते बरोबर नेऊ शकत नव्हता.

कोरड्या सेलची बॅटरी (गावाकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात) कोपीत शिरली ती या पार्श्वभूमीवर. नुसता उजेडाचा दर काढला तर सेलइतका महाग उजेड दुसरा नाही. तरीही बिऱ्हाडं सेल घेत राहिली, आणि तो अडाणीपणा नव्हता. सेलला कार्ड लागत नाही. तो कुठल्याही टपरीवर, कुठल्याही जिल्ह्यात, सुटा मिळतो. त्यानं पाचट पेटत नाही, आणि सापासाठी एक झोत टाकून लगेच बंद करता येतो. संपत आलेले सेल उन्हात ठेवून दोन दिवस आणखी ओढायची युक्तीही सगळ्यांना ठाऊक होती. म्हणजे कोपीत कामं वाटली गेली: स्थिर उजेडाला चिमणी-कंदील, हलत्या उजेडाला बॅटरी. एकाच साधनावर विसंबायचं नाही ही शहाणी रीत इथं गरजेनं आली.

यावर सरळ आक्षेप असा घेता येईल की यात ‘भरण्याचा’ प्रश्न कसला, हा निव्वळ गरिबीचा प्रश्न आहे. पैसे असते तर माणसांनी चांगला दिवा घेतला असता. आक्षेप दिसतो तेवढा पक्का नाही. गरिबी हेच पूर्ण उत्तर असतं तर माणसांनी सगळ्यांत स्वस्त उजेड निवडला असता. ती तर वर्षानुवर्षं महागडा उजेड थोडा थोडा विकत घेत होती, कारण पावशेर रॉकेल मिळतं, दोन सेल मिळतात, पण पावशेर सौरपट्टी कुणी विकत नाही. हातात एकरकमी पैसा येतच नव्हता असंही नाही. हंगामाआधी उचल मिळते. पण ती मागची फिटवाफिट, लग्न आणि दवाखाना यांत कोपीत पोचण्याआधीच संपलेली असते. दिव्यासाठी उरतो तो आठवड्याच्या बाजाराचा खर्च, आणि बाजाराच्या पैशात जे मिळतं तेच घेतलं जातं. गरिबी खरी आहे, पण तिनं कोणता दिवा पुढे केला हे कळण्यासाठी भरणा कुठे आणि केवढ्या मापानं होतो हेच पाहावं लागतं.

सरकारी योजनांतून आलेल्या पहिल्या सौर कंदिलांनी हा मुद्दा चांगला तपासून दिला. त्यांचा ठरलेला साचा होता: दहा वॉटची पट्टी, बारा व्होल्ट सात अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी आणि सात वॉटचा सीएफएल. कागदावर गणित उत्तम. चौऱ्याऐंशी वॉट-तासांत सात वॉटचा दिवा बारा तास चालावा. प्रत्यक्षात शिशाची बॅटरी पूर्ण उपसली की लवकर मरते, म्हणून त्यातला अर्धाच साठा निर्धास्त वापरता येतो. नुसती बॅटरीच दोन किलोंच्या वर. पट्टी दिवसभर उन्हात उघडी ठेवायची, आणि त्या वेळी सगळं बिऱ्हाड फडात, राखायला कोण? त्यात कोपी आज इथं तर पंधरा दिवसांनी दुसऱ्या गावात. बिघडल्यावर दुरुस्त करणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी, तोही आपल्या जिल्ह्याच्या. सूर्य कुणाच्या कार्डाला बांधलेला नाही हे खरं, पण हा साचा एका जागी राहणाऱ्या घरासाठी बेतलेला होता. पुढे एलईडी आणि लिथियमची बॅटरी आल्यावर तेच काम खिशात मावू लागलं. एका वॉटचा एलईडी चिमणीच्या कितीतरी पट उजेड देतो. 2014 साली मुंबईच्या आयआयटीनं शाळकरी मुलांसाठी दहा लाख सौर दिव्यांचा कार्यक्रम हाती घेतला, त्यात दिवे गावातल्याच लोकांनी जोडायचे आणि दुरुस्त करायचे ही कल्पना मध्यवर्ती होती. कल्पना रास्त आहे. मात्र सहा महिने गावच हलतं तिथं गावातला दुरुस्तीवाला स्वतःच कोयता घेऊन गेलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: कारखान्यात वीज आहे, ती तारेनं द्यावी, दिवे वाहून न्यायची गरजच काय? गाडी सेंटरपुरतं हे पटतं. बैलगाडीवाले कारखान्याच्या जवळ गाडीतळावर हंगामभर एका जागी राहतात. तिथं खांब आणि दिवे देणं अवघड नाही, आणि काही कारखान्यांनी दिलेही. डोकी सेंटरचं तसं नाही. ती टोळी ट्रक-ट्रॅक्टरबरोबर गावोगाव फिरते, फड संपला की कोपी मोडते, आणि मुक्काम पडतो तो कुणाच्या तरी बांधाला. तिथली वीज शेतकऱ्याच्या मोटारीची. तिच्या वेळा वेगळ्या, आणि मागायची तर मिंधेपणा आला. तारेचा आग्रह धरणारे एक विसंगतीही ध्यानात घेत नाहीत. परळीच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच 1971 मध्ये सुरू झाला. म्हणजे गेल्या पाच दशकांहून अधिक काळ बीड जिल्हा वीज तयार करतो आहे आणि त्याच जिल्ह्यातली माणसं चिमणी घेऊन बाहेर पडत आली. आता तर साखर कारखानेही बगॅसवर वीज करून ग्रीडला विकतात. महाराष्ट्रातली ही क्षमता दोन हजार मेगावॉटच्या वर आहे. ज्या उसाच्या चिपाडावर ती चालते तो तोडणाऱ्याला मोबाईल चार्ज करायला मात्र रस्त्यावरच्या टपरीत पैसे मोजावे लागतात. विजेचा तुटवडा हे कारण इथं चालत नाही.

मोबाईलनं सगळं सोपं केलं असं म्हणणाऱ्यांना म्हणूनच अर्धंच उत्तर सापडलेलं आहे. फोनमध्ये दिवा आला, पण फोन रोज भरावा लागतो, आणि तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, पाणंदीतल्या मोटारीच्या पेटीवर नाहीतर हॉटेलात लावावा लागतो. भरण्याची किल्ली पुन्हा ट्रॅक्टरवाल्याच्या, शेतमालकाच्या, टपरीवाल्याच्या हातात. जुन्या रॉकेलच्या बाटलीहून हा आधार कमी महाग आहे, कमी परावलंबी नाही. कायद्यानंही ही गाठ सोडवलेली नाही. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानं कंत्राटदारावर राहण्याच्या योग्य सोयीची जबाबदारी टाकली होती. पण पाटोद्याहून कर्नाटकात जाणारा त्यात बसे, पाटोद्याहून कोल्हापूरला जाणारा बसत नसे, कारण त्यानं राज्याची सीमा ओलांडलेली नसे. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेत महाराष्ट्र सामील झाला तेव्हा कार्ड अखेर माणसाबरोबर चालू लागलं, पण फक्त धान्यापुरतं. आणि घरोघरी वीजजोडणी देणाऱ्या 2017 च्या सौभाग्य योजनेनं घरं मोजली, माणसं नव्हे.

तेव्हा ऊसतोड बिऱ्हाडांना दिवे वाटायला निघणाऱ्या संस्थांनी, दानशूरांनी आणि ऊसतोड कामगारांसाठीच्या महामंडळानं दिव्याचे वॉट सांगण्याआधी टोळी कुठल्या सेंटरची आहे ते विचारावं. गाडीतळासाठी एक सार्वजनिक चार्जिंगची फळी पुरे, आणि तिचा खर्च वीज विकणाऱ्या कारखान्यानं उचलावा. डोकी सेंटरसाठी अंगावर बांधता येणारा, घडीच्या सौरपट्टीचा दिवा हवा. त्याची सुटी बॅटरी फडाजवळच्या बाजारातल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बदलून मिळायला हवी, पाटोद्याच्या नव्हे.