दाताला मिश्री, बाळाला घोर

बचतगटाच्या बैठकीत हिशेब मिटला की कुणाच्या तरी कमरेची मिश्रीची डबी निघतेच. मागच्या महिन्यात गटातल्या एका गरोदर सुनेने विचारले, "ताई, मिश्री लावायची दाताला. त्याने पोटातल्या बाळाला काय होणार?" लगेच एक मावशी म्हणाल्या, "आम्हीही लावली, पाच पोरं झाली." हे उत्तर शोधायला जगालाही खूप वर्षे लागली. तीच गोष्ट आज सांगतो.

१८९२ साली जर्मनीतले प्रसूतितज्ज्ञ अल्बर्ट डोडरलाइन यांनी निरोगी बाईच्या योनीमार्गात आम्ल तयार करणारे जंतू असतात, हे दाखवले. दही लावणारे जंतू याच कुळातले. त्यांच्या आंबटपणामुळे बाहेरचे जंतू माजत नाहीत. हे राखणदार कमी झाले की दुसरे जंतू ती जागा घेतात आणि घाण वासाचे पांढरे जाऊ लागते. या आजारावर अमेरिकेतल्या गार्डनर आणि ड्यूक्स यांनी १९५५ साली लिहिले.

दोनच वर्षांनी, १९५७ साली, कॅलिफोर्नियातल्या डॉ. सिम्पसन यांनी ७,४९९ बाळंतिणींची माहिती तपासली. सिगारेट ओढणाऱ्या बायकांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे प्रमाण जवळपास दुप्पट निघाले. जंतू आणि धूर, दोन्ही शोध वेगवेगळ्या वाटांनी चालले होते. त्या वाटा पुढे एकत्र आल्या. धूम्रपान करणाऱ्या बायकांत हा जंतूंचा आजार जास्त आढळतो, आणि ज्यांना तो असतो त्यांच्यात लवकर बाळंत होण्याचे प्रमाणही जास्त दिसते.

पण आपल्याकडच्या बायका सिगारेट कुठे ओढतात? आपल्याकडे मिश्री असते, तंबाखू असते. त्यांचा हिशेब मुंबईत मांडला गेला. १,२१७ गरोदर बायकांचा तो अभ्यास २००४ साली छापून आला. धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली.

मावशींना आम्ही एवढेच विचारले, "तुमच्या पाच पोरांचं जन्माचं वजन कुणी केलं होतं?" त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "धाकटी फार बारकी होती गं."

मैत्रिणींनो, दोष कुणाचाच नाही, सवय आईकडूनच आली. पण दिवस गेले की डबी दूर ठेवा. घाण वासाचे पांढरे जात असेल तर लाजू नका, आशाताईंना सांगा, दवाखान्यात दाखवा. आमच्या त्या सुनेने डबी सासूकडे दिली आहे. आता सासूनेही ती सोडावी, म्हणून आम्ही मागे लागलो आहोत.