जुनी पत्र्याची होडी दुरुस्त करताना : गळती थांबली म्हणजे काम संपले असे नाही

करमाळा : उजनीचे पाणी १९८० पासून भीमेच्या दोन्ही अंगाला पसरले आणि करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतल्या कितीतरी घरांची चूल चिलापी, रोहू, कटल्यावर पेटू लागली. नवी होडी घेणे सगळ्यांना परवडत नाही. मग कुणाची पडून राहिलेली, भंगारात निघालेली किंवा लिलावात सुटलेली जुनी होडी आणून ती डागडुजी करून पाण्यात घातली जाते. त्यात लोखंडी पत्र्याच्या होड्या असतात, एखादी ॲल्युमिनियमचीही हाती लागते. ॲल्युमिनियमची होडी हलकी असते, लोखंडासारखी गंजत नाही आणि दोन माणसांना उचलता येते, म्हणून तिच्यावर उडी पडते.

दुरुस्ती म्हणजे भोके बुजवायची आणि रंग मारायचा, एवढाच समज असतो. पण लाकडाची होडी पाण्याने भरली तरी लाकूड तरंगते. पत्रा तरंगत नाही. ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड आहे आणि लोखंड जवळपास ७.८ पट. पत्र्याच्या होडीत एकदा काठावरून पाणी आले की ती सरळ तळाला जाते आणि धरायलाही काही उरत नाही. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. ती बोट प्रवाशांची होती, पण वारा आणि पाणी मासेमाराला तेच आहे.

घेण्याआधी काय बघावे

होडी उलटी घालावी आणि रात्री तिच्याखाली बल्ब लावावा. जिथून उजेड दिसेल तिथे आरपार भोक. डांबर किंवा लांबीचे जाड थर असतील तर ते खरवडून बघितल्याशिवाय सौदा करू नये, त्याखाली काय झाकले आहे ते कळत नाही. आतल्या आडव्या पट्ट्या, मागच्या फळीचे कोपरे आणि तळाची मधली शिवण इथे तडा आहे का ते नखाने चाचपावे.

इंजिन लावायची मागची फळी पेचकसाने टोचावी. पेचकस आत शिरला तर आतले प्लायवुड कुजले आहे. अशी फळी इंजिनासकट निघून येते. ती बदलायची तर आयएस ७१० चे मरीन प्लायवुड घ्यावे, कडा आणि बोल्टची भोके इपॉक्सीने बंद करावीत.

होडी अंदाजापेक्षा जड लागली तर बसायच्या खोक्यांत भरलेला जुना फोम पाणी पिऊन बसला आहे असे समजावे. तो काढूनच टाकावा.

गळती शोधायची रीत

होडी सपाट जागी मऊ आधारावर ठेवून आत पाणी भरावे आणि बाहेरून जिथे थेंब येतो तिथे खडूने खूण करावी. मात्र पाण्याचे वजन ध्यानात ठेवावे. बारा फुटी होडीत वीतभरापेक्षा कमी, म्हणजे १० सेंटीमीटर पाणी भरले तरी तळाच्या रुंदीप्रमाणे साडेतीनशे-चारशे किलो भार होतो. दोन टोकांना दोन विटा लावून पाणी भरले तर तळ वाकतो. पोत्यांत भुस्सा किंवा वाळू भरून तळाला सगळीकडून टेका द्यावा.

रिव्हेट आणि वेल्डिंग

जुन्या ॲल्युमिनियमच्या होडीत बहुतेक गळती ढिल्या रिव्हेटमधून होते. ढिला रिव्हेट घट्ट करायला दोन माणसे लागतात. एकाने बाहेरून डोक्यावर जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने आतून हातोडीने ठोकायचे. डोके उडालेला रिव्हेट ड्रिलने काढून त्या जागी ॲल्युमिनियमचाच भरीव रिव्हेट घालावा आणि घालण्याआधी भोकात पॉलियुरेथेन सीलंट भरावे.

दुकानात मिळणारा साधा पॉप रिव्हेट पाण्याखालच्या भागाला चालत नाही. तो मधून पोकळ असतो आणि त्यात अडकलेली लोखंडी काडी गंजते. बंद तोंडाचा पॉप रिव्हेट मिळाला तरच वापरावा. कडक लांबीवर भिस्त ठेवू नये. होडी लाटेवर लवते, लांबी लवत नाही, ती तडकून निघते.

ॲल्युमिनियमला गावातले साधे आर्क वेल्डिंग जमत नाही. त्याला आर्गॉन गॅसचे टिग वेल्डिंग आणि हात बसलेला कारागीर लागतो. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळते आणि वितळण्याआधी लोखंडासारखे लाल होत नाही, त्यामुळे नवख्याच्या हातून बघता बघता भोक पडते. लोखंडी पत्र्याला साधे वेल्डिंग चालते, पण गंजून कागदासारखा झालेला भाग कापून तिथे ठिगळ द्यावे लागते. वेल्डिंगआधी फोम आणि पेट्रोलची टाकी बाहेर काढायचीच. फोम पेटला तर धूर विषारी असतो.

ॲल्युमिनियमचे वैरी

ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही, पांढरी भुकटी येते आणि बारीक खड्डे पडत आरपार भोक होते. त्याची कारणे घरचीच असतात.

– मोरचूद. ॲल्युमिनियमला याच्यासारखा दुसरा वैरी नाही. बोर्डो मिश्रणाचे पिंप, फवारणीचा पंप या होडीत ठेवू नये.
– तांबे, पितळ आणि लोखंड. ओल्यात हे धातू ॲल्युमिनियमला चिकटून राहिले की ॲल्युमिनियम झिजते. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा.
– कॉस्टिक सोडा, चुना, ओले सिमेंट. कॉस्टिकने होडी धुतली तर पत्राच खाल्ला जातो, वर पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो.
– तळाशी साचलेला गाळ, ओली सतरंजी, गोणपाट. हंगाम संपला की होडी धुऊन, उलटी करून, जमिनीपासून उचलून ठेवावी.

रंग

गोड्या पाण्यात ॲल्युमिनियमला रंग नसला तरी चालते. हवेने त्यावर जो पातळ थर येतो तोच त्याचे रक्षण करतो. त्यामुळे पैसे कमी असतील तर ते रंगाला न घालता दुरुस्तीला घालावेत. रंग द्यायचाच असेल तर आधी एच प्रायमर, मग रंग. लोखंडाचा रेड ऑक्साइड ॲल्युमिनियमला नीट धरत नाही. लोखंडी होडीला मात्र गंज खरवडून रेड ऑक्साइड आणि वर रंग हवाच. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून पॉलिश पेपर ओलाच घासावा, तोंडाला मास्क लावावा आणि पोरांना जवळ फिरकू देऊ नये.

न बुडण्याची सोय

हे काम बहुतेक जण सोडून देतात. हिशोब अवघड नाही. ७० किलोच्या ॲल्युमिनियमच्या होडीचे पाण्याखाली वजन सुमारे ४४ किलो भरते. इंजिनाचे २० आणि नांगर, बॅटरी वगैरे १० किलो धरले तर एकूण ७४ किलो होते. २० लिटरचा बंद कॅन स्वतःचे वजन वजा जाता साधारण १९ किलो उचलून धरतो. चार कॅननी होडी जेमतेम तरंगेल. माणसांना धरून राहता यावे म्हणून आणखी दोन तरी हवेत, आठ झाले तर उत्तम. १०० किलोच्या लोखंडी होडीचे पाण्याखालचे वजन ८७ किलो असते, म्हणजे तिला याहून जास्त कॅन लागतात.

कॅन तळाला बांधू नयेत. तसे केले तर पाणी भरलेली होडी पालथी होते. दोन्ही बाजूंना, काठाला लागून, बसायच्या फळीखाली बांधावेत आणि काही मागे इंजिनाजवळ. ते वर ढकलतात, म्हणून बांधणी पक्की हवी. झाकण घट्ट असावे. औषधाचे रिकामे कॅन वापरू नयेत. थर्माकोल घालायचा तर तो पेट्रोलपासून लांब ठेवावा, पेट्रोलने तो विरघळतो. बंद छिद्रांचा पॉलियुरेथेन फोम जास्त टिकतो.

माणसे किती

साधा हिशोब असा : लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले १५. बारा फूट लांब आणि चार फूट रुंद होडीत तीन माणसे, तीही शांत पाण्यात. जाळे आणि मासळी बरीच असेल तर एक माणूस कमी करावा. मासेमारीच्या होडीत प्रवासी, मोटारसायकल, शेळ्या घालू नयेत. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वावटळ उठते, तेव्हा काठ जवळ करावा. लाइफ जॅकेट फळीखाली ठेवून उपयोग नाही, ते अंगात हवे.

परवानगी आणि पाखरे

धरणात मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत संस्थांना ठेक्याने दिला जातो. होडी पाण्यात घालण्याआधी संस्थेकडे, आणि इंजिन बसवायचे असेल तर मत्स्यव्यवसाय कार्यालयात नोंदणीची चौकशी करावी. होडीतून पाखरांची शिकार करणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. उजनीवर येणारे रोहित असोत की बदके, त्यांना हात लावायचा नाही.

शेवटची परीक्षा

सगळे झाले की होडी कंबरभर पाण्यात न्यावी. इंजिन काढून ठेवावे आणि तेवढ्या वजनाचे दगड मागे पक्के बांधावेत. चार माणसे जॅकेट घालून बाजूला उभी करावीत आणि होडी बादलीने काठोकाठ भरावी. ती सरळ राहून तरंगली आणि काठाला धरून दोघांना लटकता आले, तर दुरुस्ती झाली. तळाला टेकली किंवा पालथी झाली, तर कॅन वाढवावेत, जागा बदलावी आणि पुन्हा भरून बघावे. अर्ध्या दिवसाचे हे काम आहे, पण ते काठाजवळच करून घेतलेले बरे. मधल्या पाण्यात ही परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही.