तोबरा चढला की टांगा उभा

मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ साली नागपूरला पोचला. वाटेत तो अकोल्याला लागून गेला, अमरावतीला मात्र बगल देऊन बडनेऱ्यावरून निघून गेला. अमेरिकेतल्या यादवीमुळे वऱ्हाडच्या कापसाला नुकतेच सोन्याचे दिवस आले होते, आणि त्या कापसाची मोठी पेठ स्टेशनापासून सहा मैलांवर राहिली. १८७१ मध्ये बडनेरा–अमरावती फाटा पडला, तरी लांबच्या गाडीसाठी बडनेरा काही चुकलं नाही. तेव्हापासून अमरावतीच्या माणसाच्या वाट्याला एक काम कायमचं आलं: पाहुण्याला गाडीवर पोचवून देणं. १८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचं तेरावं अधिवेशन शंकरन नायरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत भरलं, तेव्हा देशभरचे प्रतिनिधीही बडनेऱ्यावरूनच आले-गेले असणार. अकोलेकर या बाबतीत सुखी. त्यांचं स्टेशन गावातच. मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातून निघालं तरी रेंगी-दमणीनं सहज गाठता येई.

आमच्या बाबांचा टांगा बडनेऱ्याला लागायचा. टांग्यातून सवारी उतरवणं म्हणजे रिक्षातून उतरवण्याइतकं सरळ काम नव्हतं. मागचे दोघं एकदम उतरले की टांगा धुरजड होऊन सगळा भार घोड्याच्या पाठीवर. पुढचा आधी उतरला की उलाळ, दांड्या वर. म्हणून बाबा क्रम लावायचे. आधी मागची एक सवारी, मग पुढची, मग ट्रंक, वळकटी आणि सर्वांत शेवटी फिरकीचा तांब्या. म्हातारं माणूस असलं की पायरीवर पाय सापडेपर्यंत हात धरून ठेवायचा. एवढा वेळ लगाम दुसऱ्या हातात. काम उरकलं की टांगा कडेला घ्यायचा, घोड्याच्या तोंडाला चंदीचा तोबरा अडकवायचा आणि बिडी पेटवायची.

स्टेशनाबाहेरचा शिपाई हा फरक लांबूनच ओळखायचा. तोबरा चढला म्हणजे टांगा उभा. लगाम हातात म्हणजे सवारी उतरतेय. तरी तो ओरडायचाच, "काऊन बे, हालवतं का नाही?" आणि बाबा म्हणायचे, "हे काय जी, बुढी उतरून राह्यली." शिपाई पाहायचा. बुढी खरंच उतरत असली तर पुढच्या टांग्याकडे वळायचा. तक्रार, चौकशी, सुनावणी आणि निकाल, सगळं तिथल्या तिथे.

कायदा तेव्हाही होता. मी कोर्टात बेंच क्लार्क होतो, त्यामुळे जुन्या कायद्यांची पुस्तकं चाळायची खोड लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. १८९० च्या रेल्वे कायद्यात स्टेशनच्या आवारातल्या गाडीवानासाठी वेगळं कलम होतं. दंड वीस रुपयांपर्यंत; त्या काळी टांगेवाल्याला घाम फुटावा अशी रक्कम. पण हा दंड थांबल्याबद्दल नव्हता. रेल्वेच्या नोकरानं किंवा पोलिसानं दिलेली वाजवी सूचना मोडली तर होता. म्हणजे आधी कुणीतरी तोंडानं सांगायचं, गाडीवानानं ते ऐकायचं नाही, आणि मग दंड. आजच्या १९८९ च्या रेल्वे कायद्यातही हे कलम आहे. वीसाचे पाचशे झाले आणि जोडीला महिन्यापर्यंतची कैद आली, पण सूचनेची अट तशीच.

त्याहून मजेदार १८७९ चा भाड्याच्या गाड्यांचा कायदा, जो शेजारच्या मध्य प्रांतात नगरपालिकांना लावून घेता येत असे. परवाना, भाड्याचे दर, गाड्या उभ्या करायच्या जागा, सगळं नगरपालिकेनं ठरवायचं. भाड्यावरून वाद झाला आणि मॅजिस्ट्रेट गावात कोर्टात बसलेला असला, तर प्रवाशाला टांगेवाल्याला सांगता यायचं की याच टांग्यातून मला कोर्टात घेऊन चल. टांगेवाल्यानं नकार दिला तर तोच वेगळा गुन्हा. वादी, प्रतिवादी आणि वादाचं कारण एकाच घोड्यामागे बसून मॅजिस्ट्रेटच्या दारात! तारखांवर तारखा पाहिलेल्या माझ्यासारख्याला या कलमाचा हेवाच वाटतो.

मग मोटारी आल्या. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ७६ नं वाहनं उभी करायच्या जागा ठरवायचे अधिकार सरकारला दिले, आणि प्रवासी गाड्यांबद्दल म्हटलं की प्रवासी चढवायला-उतरवायला लागतो त्याहून जास्त वेळ त्या कुठे थांबू शकतील, त्या जागाही ठरवाव्यात. १९८८ च्या कायद्यात हेच कलम ११७ म्हणून जसंच्या तसं उतरलं. लागतो तेवढा वेळ थांबणं कायद्यानं गृहीतच धरलंय. जागा नेमून द्यायचा प्रश्न येतो तो त्याच्या पुढच्या वेळेसाठी. आधी टांगा, मग सायकलरिक्षा, मग ऑटो, असा बडनेऱ्याचा धंदा बदलत गेला, पण हा हिशोब बदलला नाही.

२०१७ साली केंद्रानं वाहन चालवण्याचे नवे विनियम काढले आणि हा हिशोब मिनिटांत मांडला. माणसं लगेच चढवणं-उतरवणं याखेरीज दुसऱ्या कारणासाठी गाडी थांबवून ठेवली, किंवा तीन मिनिटांहून जास्त थांबवली, तर ते पार्किंग. तोबऱ्याच्या जागी घड्याळ आलं, एवढंच. मात्र एक पथ्य आहे. नो पार्किंगच्या फलकावर एकच तिरकी रेघ असते. जिथे दोन रेघांची फुली असते तिथे थांबायलाच मनाई. तिथे बुढी असो की बाळंतीण, सबब चालत नाही. चौक, वळण, पूल, बसथांबा इथेही तेच, आणि ते योग्यच आहे. अमरावतीच्या जयस्तंभ चौकात गाडी लावून 'दोनच मिनिटं' म्हणत बँकेत शिरणाऱ्यांचा कैवार मला घ्यायचा नाही. त्यांचा तोबरा चढलेला असतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. कॅमेऱ्यानं कोणते गुन्हे पकडायचे याची यादी त्यात आहे, आणि नको तिथे गाडी थांबवणं किंवा लावणं हाही त्यातला एक. कोणत्या शहरांत हे करायचं त्याची नावंही दिली: १३२ शहरं, त्यांत महाराष्ट्राची १९, आणि त्यांत अमरावती आणि अकोला दोन्ही. याच नियमानं सरकारच्या हातावरही बंधनं घातली. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं. कॅमेरा आहे हे सांगणारा ठळक फलक आधी हवा. चलनासोबत स्पष्ट फोटो, तारीख, वेळ, ठिकाण, कोणतं कलम मोडलं ते, आणि पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र हवं (जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नं घेतली). सूचना गुन्ह्यापासून पंधरा दिवसांत धाडायची. यातली प्रत्येक गोष्ट मागून घेण्याजोगी आहे.

आमच्या घरच्या गाडीवर असं एक चलन आलं. पुतण्यानं माझ्या बहिणीला एका दवाखान्यासमोर उतरवलं होतं. पाचशे रुपये, नो पार्किंग. पुतण्या भरून टाकायला निघाला होता, "मोठेबाबा, कायले डोकं लावता?" म्हणत. मी फोटो मोठा करून पाहिला. मागचं दार उघडं, काठी जमिनीला टेकलेली, एक पाय बाहेर, आणि चालक स्टिअरिंगवर. बाबांच्या हातातला लगामच तो! राज्याच्या वाहतूक अॅपमध्ये तक्रार नोंदवली, चारच ओळींची: फोटो एकाच क्षणाचा आहे, त्यात प्रवासी उतरताना दिसतो, तीन मिनिटं झाल्याचा पुरावा नाही, असल्यास दुसऱ्या वेळेचा फोटो द्यावा. चलन रद्द झालं. का, ते कुणी कळवलं नाही.

तक्रार फेटाळली गेली तरी रस्ता संपत नाही. चलन म्हणजे शिक्षा नव्हे, तो आरोप आहे, आणि तडजोडीची रक्कम भरणं ऐच्छिक आहे. भरली की प्रकरण मिटतं आणि आपलं म्हणणंही तिथेच संपतं. तडजोड न करता मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहून गुन्हा नाकबूल करता येतो. मग आरोप सिद्ध करायची जबाबदारी सरकारी बाजूवर येते. लोकअदालतीची नोटीस आली की लोक धावत जातात. चूक खरोखर झाली असेल तर जरूर जावं. पण तिथे होते ती तडजोड, आणि तिच्यावर अपील नाही. चूक नसलेल्या माणसानं तिथे सवलत मागणं मला पटत नाही.

पाचशे रुपयांसाठी कोर्टात कोण हेलपाटे घालणार, हा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर वाहनचालकानं का शोधावं? गाड्या उभ्या करायला जागा नेमून द्यायचं काम १८७९ च्या कायद्यानंही दंडाच्या जोडीनंच सांगितलं होतं. बडनेरा आणि अकोल्याचं स्टेशन, अमरावती-अकोल्यातले एसटी स्टँड आणि जिल्ह्याचे सरकारी दवाखाने यांच्या दारात प्रवासी उतरवायचा पट्टा आखून त्यावर 'तीन मिनिटे' असं रंगवायला दोन्ही महापालिकांना फार खर्च येणार नाही. कलम ११७ प्रमाणे त्यांच्याशी सल्लामसलत करूनच जागा ठरवायच्या असतात. तेव्हा नगरसेवक दारावर आला की हे मागून घ्या. आणि मोबाइलवर चलन आलंच, तर पैसे भरायच्या आधी त्यातला फोटो उघडून नीट पाहा.