कापसाच्या गाठीवरील कर : वऱ्हाडातील स्थानिक करांचा इतिहास व मर्यादा

प्रास्ताविक

रस्ते, दिवाबत्ती, पाणी, शाळा यांचा खर्च कोणत्या करातून भागवावा, हा प्रश्न वरकरणी हिशेबाचा वाटतो. वस्तुतः तो सत्तेचा प्रश्न आहे. उत्पन्नावरील कर वरिष्ठ शासनाने गोळा करावा व त्यातून अनुदान द्यावे, हा एक मार्ग होय. गावाने आपल्या सेवांचा खर्च आपल्याच करांतून उभारावा, हा दुसरा मार्ग होय. अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या इतिहासात या दोहोंमधील ताण कसा प्रकट झाला, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी

१८५३ च्या करारान्वये वऱ्हाड प्रांत हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या ताब्यात गेला. महसुलातून खर्च वजा जाता उरणारी शिल्लक निजामाकडे जात असे. १९०२ च्या करारानंतर तिची जागा वार्षिक २५ लाख रुपयांच्या निश्चित खंडाने घेतली व १९०३ पासून वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताशी जोडला गेला. सुपीक काळ्या जमिनीतील महसूल सातत्याने प्रांताबाहेर जातो, ही वऱ्हाडची जुनी तक्रार या व्यवस्थेत रुजलेली आहे. त्याच वेळी शाळा, रस्ते व जागल्या यांसाठी शेतसाऱ्यासोबत उपकर घेतले जात. म्हणजे मुख्य महसूल वर जाई आणि गावच्या सोयींसाठी शेतकऱ्याने वेगळे द्यावे, अशी ही दुहेरी रचना होती.

कापूस बाजार व नगरपालिका

रेल्वेमार्गामुळे अकोला, अमरावती, खामगाव, धामणगाव ही कापसाची केंद्रे बनली. १८८६ मध्ये कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. बाजारातील शुल्काकडे नगरपालिकांनी स्वाभाविकच उत्पन्नाचे साधन म्हणून पाहिले. परंतु शुल्काचा भार वाहणारा शेतकरी खेड्यातला होता आणि त्यातून होणाऱ्या सोयी शहराच्या होत्या. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने या व्यवस्थेतील उणिवा दाखविल्या; पुढे १९३२ मध्ये कापूस बाजाराचा नवा कायदा आला. जो कर देतो त्यालाच सेवा मिळते, हे स्थानिक करांचे समर्थन वऱ्हाडात प्रथमपासूनच अपुरे ठरले, असे यावरून दिसून येते.

धामणगावचा वाद

१९२२ च्या मध्यप्रांत नगरपालिका कायद्याच्या कलम ६६ अन्वये नगरपालिकांना व्यापार व व्यवसाय यांवर कर बसविता येत असे. या अधिकारात धामणगाव नगरपालिकेने सरकी काढणे व गाठी बांधणे या व्यवसायावर मालाच्या प्रमाणात कर लावला. दरम्यान संयुक्त प्रांताच्या १९३९ मधील नोकरी-कराच्या प्रयत्नानंतर, असे कर म्हणजे मागील दाराने आलेला प्राप्तिकर होय, हा आक्षेप बळावला. परिणामी १९३५ च्या कायद्यात कलम १४२-अ घालून व्यवसाय कराला वार्षिक ५० रुपयांची मर्यादा घालण्यात आली. संविधानाच्या अनुच्छेद २७६ ने ती २५० रुपये केली.

‘भारत कला भांडार विरुद्ध नगरपालिका, धामणगाव’ या प्रकरणात १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला, की मर्यादेपेक्षा अधिक वसुली घटनाबाह्य असून ती परत मागण्याचा दावा चालू शकतो. बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर यांनी लिहिला. ते १९१२ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष, अमरावतीचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांचे चिरंजीव होत.

निर्णय कायद्याच्या दृष्टीने योग्यच होता. परंतु त्याचा आर्थिक अर्थ लक्षात घेतला पाहिजे. हजारो गाठी बांधणारा कारखाना आणि लहान दुकानदार यांच्यावरील कराची कमाल मर्यादा एकच राहिली. ऐपतीनुसार कर घेण्याचा मार्ग नगरपालिकेला बंद झाला. उरली ती प्रामुख्याने घरपट्टी आणि जकात. जकातीचा भार अखेर ग्राहकावर, त्यातही गरिबावर, पडतो.

उत्तरकाल

१९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर राज्य शासनाने स्वतःकडे घेतला व तो रोजगार हमी योजनेशी जोडला. १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने मर्यादा २,५०० रुपये झाली, पण त्याचा लाभ महाराष्ट्रातील नगरपालिकांना झाला नाही. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात रद्द झाली. महानगरपालिकांमध्ये २०१० पासून टप्प्याटप्प्याने जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आला; १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करासोबत तो संपुष्टात आला. त्याऐवजी २०१६-१७ च्या उत्पन्नावर दरवर्षी ८ टक्के वाढ धरून राज्याकडून भरपाई देण्याची तरतूद झाली.

निष्कर्ष

ही भरपाई नियमित मिळाली तरी तिचा आकार शहराची वाढ किंवा नगरसेवकांचा निर्णय ठरवीत नाही. तो भूतकाळातील एका वर्षाचा आकडा ठरवितो. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनात्मक दर्जा दिला, परंतु कर बसविण्याचा अधिकार विधिमंडळाच्या मर्जीवर ठेवला. तथापि केवळ स्थानिक करांवर विसंबणे हाही उपाय नव्हे. कारण कापसाच्या शुल्काचा अनुभव सांगतो, की शहराचा कर अनेकदा शहराबाहेरचा माणूस भरतो. ऐपतीनुसार घेतलेला वरचा कर आणि मतदाराला जाब द्यावा लागणारा खालचा कर, या दोहोंची सांगड घालणे आवश्यक आहे. खंड गेला, उपकर गेले, जकात गेली. परंतु आपल्या गावचा पैसा कोणी ठरवावा, हा वऱ्हाडचा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.