मेंदूतील शिरा आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस : एका उपपत्तीचा इतिहास

प्रस्तावना :
मल्टिपल स्क्लेरॉसिस या व्याधीत मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंचे मायलिन हे आवरण नष्ट होऊन तेथे चट्टे पडतात. अंधुक दृष्टी, बधिरता, तोल जाणे ही तिची काही लक्षणे होत. मेंदूतून परतणाऱ्या रक्ताला अडथळा झाल्याने ही व्याधी उद्भवते, अशी उपपत्ती वैद्यकाच्या इतिहासात पुनःपुन्हा मांडली गेली. तिचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पूर्वपीठिका :
१८६३ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रिंडफ्लाइश यांना अशा चट्ट्यांच्या मध्यभागी रक्तवाहिनी आढळली. १८६८ मध्ये पॅरिस येथे शार्को यांनी व्याधीचे सुसूत्र वर्णन केले. १९३० च्या दशकात अमेरिकेतील ट्रेसी पुटनम यांनी कुत्र्यांच्या मेंदूतील शिरांत अडथळा निर्माण करून तत्सम विकृती घडविल्या. तथापि पुढील काळात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मायलिनवर हल्ला करते, हे मत दृढ झाले.

झांबोनी यांची मांडणी :
इटलीतील फेरारा विद्यापीठाचे शल्यविशारद पाओलो झांबोनी यांच्या पत्नीस ही व्याधी होती. रुग्णांच्या मानेतील व छातीतील शिरा अरुंद असतात, असे त्यांनी २००९ मध्ये ६५ रुग्णांच्या तपासणीवरून मांडले आणि शिरेत फुगा फुगवून ती रुंद करण्याचा उपचार सुचविला. हा उपचार मायदेशी उपलब्ध नसल्याने कॅनडातील अनेक रुग्ण स्वखर्चाने पोलंड, कोस्टा रिका, भारत आदी देशांत गेले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मृत्यू व पक्षाघात यांसारख्या धोक्यांचा इशारा दिला.

पडताळणी :
२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात शिरांचे अरुंदपण रुग्ण, त्यांची भावंडे आणि निरोगी व्यक्ती यांच्यात जवळजवळ सारखेच आढळले. त्यानंतर तेथील १०४ रुग्णांच्या चाचणीत काहींच्या शिरा रुंद केल्या, तर इतरांवर केवळ उपचाराचा आभास केला. ४८ आठवड्यांनंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. खुद्द झांबोनी यांच्या नेतृत्वाखालील, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीनेही या उपचाराची शिफारस करता येत नाही, असाच निर्वाळा दिला.

समारोप :
उपचारानंतर बरे वाटल्याचे रुग्णांचे सांगणे खोटे नव्हते. परंतु ज्या व्याधीची लक्षणे मुळातच कमी-अधिक होतात, तिच्याबाबत तुलनेवाचून केलेले अनुमान फसवे ठरते. रिंडफ्लाइश यांना दिसलेली चट्ट्यातील शीर मात्र आज एमआरआय तपासणीत दिसते आणि २०२४ च्या सुधारित निकषांत तिला निदानासाठी स्थान मिळाले आहे. निरीक्षण टिकले, त्यावर उभारलेला कार्यकारणभाव टिकला नाही.