भीमाकाठची तट्टे व त्यांची राखण

श्रीगोंदे तालुक्यातील पेडगावचा बहादूरगड ही सतराव्या शतकातील मोगल छावणी. तिचा इतिहास बहुधा स्वारांच्या अंगाने लिहिला गेला. घोडी चरत कोठे, हा प्रश्न मागे राहिला. मराठी राज्यव्यवस्थेत राखीव गवताच्या जमिनीस ‘कुरण’ म्हणत. त्याची राखण हे सरकारी काम असे. १८१८ साली पेशवाई संपल्यावर फौजेची मागणी ओसरली आणि भीमथडीचे काटक तट्टू मुख्यत्वे धनगरांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहत टिकले. १९७९ साली श्रीगोंद्याकडील माळराने माळढोक अभयारण्यात आली. राखणीचा हेतू घोड्याकडून पक्ष्याकडे वळला. २०१२ मध्ये अभयारण्याचे क्षेत्र घटविण्यात आले. कुरणाचा राखणदार सरकारी, अभयारण्याचा रक्षकही सरकारी. मोकळ्या तट्टांची रोज खबर घेणारा धनगर मात्र बिनपगारी. त्याच्या साक्षीवाचून माळाचा इतिहास अपुराच राहील.