खांबाचा पाय

धाब्याच्या घरात वाढलेल्या आपल्या तुकडीतल्या प्रत्येकाला माजघरातला खांब आठवत असेल. लपाछपीचे राज्य त्याच्याच आडून घ्यायचे. त्या खांबाच्या बुडाला मोठा इतिहास आहे. तो सरांच्या पुस्तकात नव्हता, म्हणून इथे लिहिते.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून उत्खनन केले. तिथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या गोल झोपड्या सापडल्या. सापडल्या म्हणजे काय, तर खांब रोवलेले खड्डे सापडले! लाकूड केव्हाच कुजले होते. मातीतले ठसे जोडून संशोधकांनी घरांचा आकार काढला. जमिनीत पुरलेला खांब बुडातून सडणारच. नॉर्वेतली जमिनीत खांब रोवलेली जुनी लाकडी चर्च अशीच गेली. बाराव्या शतकात दगडी पायावर उचललेले बोर्गुंडचे चर्च मात्र आजही उभे आहे.

आपल्याकडच्या सुतारांनी हेच उत्तर शोधले: तळखडा. खांब मातीत न रोवता घडीव दगडावर नुसता टेकवायचा. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, वर पाट आणि मातीचे धाबे. सगळा भार खांबांवर. मातीची जाड भिंत फक्त आडोशाला. भिंत पावसात ढासळली तरी छप्पर जागेवर राहावे, अशी ही रचना.

तिची परीक्षा झाली 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे. गणपती विसर्जनाच्या रात्री झोपलेली किल्लारी परिसरातली माणसे दगडमातीखाली गेली. मृतांचा आकडा सुमारे आठ हजार. पण जिथे लाकडी खण भक्कम होता, तिथे भिंती कोसळूनही छप्पर खांबांवर तरले आणि आतली माणसे वाचली, हे नंतरच्या पाहणीत दिसले. बुडातून पोकळ झालेला खांब हे करू शकत नाही. त्याचा भार गुपचूप भिंतीवर सरकतो, आणि मातीची भिंत त्यासाठी बांधलेलीच नसते.

आज आपल्या भागात खांब सडतात त्याला सागवान जबाबदार नाही, आपण केलेल्या सुधारणा जबाबदार आहेत. रस्ता काँक्रीटने वर आला, घरात फरशीवर फरशी बसली, तळखडा गाडला गेला. मातीच्या भिंतीला खाली सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडत नाही. लाकडाचे कापलेले टोक पाणी सर्वांत जास्त ओढते. ओलावा 20 टक्क्यांच्या वर टिकला की बुरशी धरते, मागोमाग उधई येते. मग कोणीतरी म्हणतो, "घर गेलं, पाडा." जुन्या लाकडाचा व्यापारी दारात उभाच असतो.

खरे तर सडलेला असतो हात-दीड हाताचा तुकडा. सळई टोचत वर जा. कठीण लाकूड कुठे लागते ते कळते. दुरुस्तीची रीत जुनीच आहे. धाब्यावरची जास्तीची माती आधी उतरवायची. तुळईला खांबाच्या दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे, तेही पक्क्या जमिनीवर फळी टाकून. मग सडका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून वाळलेल्या सागवानाचा नवा पाय जोडायचा. दोन्ही तुकडे अर्धे-अर्धे तासून एकमेकांवर बसवायचे, सांधा खांबाच्या जाडीच्या निदान दुप्पट लांब ठेवायचा आणि आरपार बोल्ट मारायचे. एका वेळी एकच खांब. घाई करणाऱ्या मिस्त्रीला इथे थांबवावेच लागते, कारण दोन खांब एकदम सोडले की धाबे खाली येऊ शकते.

सडका भाग वीतभरच असेल तर नवे लाकूडही लागत नाही. तेवढे कापून खाली जास्त उंचीचा दगड बसवतात. फरशी त्या दगडापासून दोन बोटे लांब थांबवायची, भिंतीचा खालचा सिमेंट गिलावा खरवडून मातीचा किंवा चुन्याचा करायचा. टेकू मात्र लगेच काढायचे नाहीत. आधी थोडे सैल करायचे, एक-दोन दिवस सांध्यावर नजर ठेवायची, मगच पुढच्या खांबाकडे जायचे.